ब्राउन्सीचं पुस्तक, मावळाचं ऊन

स्काउटची बहुतेक साधनं एका पिशवीत मावतात: दोरी, शिट्टी, चाकू, काडेपेटी, त्रिकोणी स्कार्फ. हातात खुणा केलेली लाठी. एवढ्यावर तीसेक मुलं डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी एसटीतून मावळातल्या कुठल्यातरी फाट्यावर उतरतात आणि रविवारी संध्याकाळी घरी परततात. मधल्या दीड दिवसात त्यांना तंबू उभारायचा असतो, चूल पेटवायची असते, दिशा काढायची असते, झाडाची उंची मोजायची असते, आणि हे सगळं मोठ्या माणसाने हात न लावता. कार्यक्रमपत्रिका वाचली तर ही निव्वळ सहल वाटते. प्रत्यक्षात ती दीड दिवसाची प्रयोगशाळा असते. निदान असायला हवी. पुस्तकात पाठ केलेलं कौशल्य इथल्या मातीत, उन्हात आणि लाकडावर घासून बघायची ती जागा आहे, आणि ते घासून बघितलं की काही गोष्टी पक्क्या ठरतात, काही साफ खोट्या.

हे पुस्तक मुळात आलं कुठून? ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल बंदराच्या खाडीतल्या ब्राउन्सी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने वीस-बावीस मुलांची आठवडाभराची छावणी भरवली. त्यातली काही मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, तर काही पूल आणि बोर्नमथच्या कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्हीकडची मुलं एका तंबूत झोपणं ही सोपी गोष्ट नव्हती. बेडन-पॉवेलने त्यांची सरमिसळ करून चार गट पाडले आणि त्यांना लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा किनारपक्षी अशी नावं दिली. कुडू या आफ्रिकी हरणाच्या शिंगाचा भोंगा वाजवून मुलांना उठवलं जाई. पुढच्याच वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याच्या अंतराने सहा भागांत निघालं आणि जगभर पसरलं.

आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस 1876 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तेराव्या हुसार्स पलटणीतला नवखा अधिकारी म्हणून लखनौला आला होता. माग काढणं, टेहळणी, खुणांवरून अंदाज बांधणं यातला बराचसा भाग त्याने हिंदुस्थानात आणि नंतर दक्षिण आफ्रिकेत गोळा केला. 1899-1900 मधला तिथल्याच माफेकिंगचा 217 दिवसांचा वेढा टिकवून धरल्यामुळे तो इंग्लंडात घराघरांत पोचला. म्हणजे उष्ण देशांत शिकलेलं ज्ञान त्याने इंग्रज मुलांसाठी, इंग्लंडच्या हवामानाच्या मापाने बेतलं, आणि ते तसंच्या तसं आपल्याकडे परत आलं. 1909 मध्ये बंगळुरात पहिलं पथक निघालं, तेही युरोपीय मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद, म्हणून 1916 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. पाठोपाठ अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर या सगळ्या धारा एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झाली. गाइड्सची संघटना पुढल्या वर्षी त्यात आली आणि आजचं रूप तयार झालं. संघटना देशी झाली, गणवेश देशी झाला, प्रार्थना देशी झाली. पुस्तकातल्या युक्त्यांकडे मात्र कोणी तितकंसं लक्ष दिलं नाही.

शनिवारी सकाळी पहिला सामना होतो तो जमिनीशी. तंबूच्या दोरांच्या खुंट्या तिरक्या ठोकाव्यात, खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं असावं, म्हणजे ओढ बसली तरी ती निघत नाही. हा नियम बरोबर आहे. पण त्यात गृहीत धरलेली मऊ, हिरवळीची माती आपल्या पठारावर डिसेंबरात कुठे असते? वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा कातळ. लोखंडी खुंटी वाकते, लाकडी खुंटीचं डोकं फुटतं. इथे धनगरांच्या पालांकडे बघायला शिकवावं. दोराच्या टोकाला डोक्याएवढा धोंडा बांधायचा, त्याच्यापुढे दुसरा जड धोंडा रेटून बसवायचा. झाला तंबू उभा. कोकणात जांभ्याच्या सड्यावरही हाच उपाय.

जागा निवडताना मुलं हमखास ओढ्याकाठची सपाट, खोलगट जागा पसंत करतात, कारण तिथे वारा लागत नाही आणि पाणी जवळ. दुपारी ती छानच वाटते. पण थंड हवा जड असते; रात्री ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. त्यामुळे डिसेंबरात दरीच्या तळाशी झोपलेला गट पहाटे कुडकुडत असतो आणि वीस-तीस फूट वर टेपाडावर झोपलेला गट त्या मानाने सुखात. स्काउट मास्तर जाणता असेल तर तो आधी काही सांगत नाही. दोन गटांना दोन ठिकाणी झोपू देतो आणि सकाळी दोघांना एकमेकांच्या रात्रीची चौकशी करायला लावतो.

मग दोरकाम. गाठींची यादी मुलांना तोंडपाठ असते: रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीपशँक. परीक्षेत हीच विचारतात. पण गाठ बांधता येणं आणि ती कुठे बांधायची नाही हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीफ नॉट घ्या. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. सपाट बसते, टोचत नाही, सहज सुटते, म्हणून मलमपट्टीला उत्तम. पण दोन दोर जोडून त्यावर भार टाकायला ती अगदी वाईट. दोर जाडीने वेगळे असले, किंवा गाठ कशावर घासली, की ती उलटते आणि सर्रकन सुटते. गाठींचा प्रचंड कोश लिहिणाऱ्या क्लिफर्ड ॲशलीने दोर जोडायला ही गाठ वापरण्याच्या सवयीला गाठींच्या जगातला सर्वांत घातक प्रकार ठरवलं होतं. जोडायचं असेल तर शीट बेंड. विणकरही तुटलेला धागा याच रचनेच्या गाठीने सांधतात.

रीफ नॉट बांधताना दुसरा वेढा चुकून पहिल्याच दिशेने घातला की होते ती आजीबाईची गाठ, इंग्रजीत ग्रॅनी. दोन्हींत फरक काय, हे बघायला कुठे जायला नको. वाचकाने आपल्याच बुटाकडे बघावं. नाडीचं फूल बुटाला आडवं बसलं असेल तर गाठ बरोबर आहे. फूल बुटाच्या लांबीच्या दिशेने, घोट्याकडे-बोटांकडे वळलेलं असेल तर ती आजीबाईची गाठ. दिवसातून दोनदा नाडी सुटण्याचं कारणही तेच. छावणीत बत्तीस मुलांचे बूट तपासले तर काय दिसेल ते सांगायला नको.

बांधणीचं काम त्याहून जरा रंगतदार. दोन बांबू काटकोनात बांधायचे: उभ्या बांबूला क्लोव्ह हिच, मग दोघांभोवती तीन घट्ट वेढे, मग त्या वेढ्यांनाच आवळणारे दोन-तीन आडवे वेढे बांबूंच्या मधून, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. सगळा जीव त्या मधल्या आवळणाऱ्या वेढ्यांत असतो. ते ढिले राहिले तर बाकीची कसरत फुकट. इंग्लंडातली मुलं हे सालासकट असलेल्या खडबडीत लाकडावर शिकतात. आपला बांबू मात्र गुळगुळीत आणि पोकळ. त्यावर नायलॉनची दोरी म्हणजे घसरगुंडीच. यावर दोन साधे उपाय. दोरी काथ्याची किंवा सुतळीची घ्यावी, आणि बांधणी बांबूच्या पेराला लागून करावी, म्हणजे पेराचा उंचवटा तिला खाली सरकू देत नाही. कोकणात मानगा मिळतो, तो जवळपास भरीव असल्याने खिळ्यालाही दाद देतो. गावातल्या शाळेचं पथक शेजारी असेल तर इथे एक मजा बघायला मिळते. ज्याने घरी बैलाला दावं बांधलंय, गवताचा भारा आवळलाय, त्या पोराला गाठीचं इंग्रजी नाव येत नाही, पण शहरातल्या मुलांनी तयार केलेल्या स्टँडवर चार जण बसले तरी त्याची बांधणी हलत नाही. ब्राउन्सीवर दोन प्रकारची मुलं एकत्र आणली होती ती उगाच नव्हे.

आता उन्हाकडे येऊ. इथे पुस्तक आणि मावळ यांची खरी गाठ पडते.

दिशा काढायची प्रसिद्ध युक्ती अशी: काट्याचं घड्याळ आडवं धरा, तासकाटा सूर्याकडे वळवा, तासकाटा आणि बारा यांच्यामधला कोन दुभागा, ती रेघ दक्षिणेकडे जाते. पिढ्यान्पिढ्या स्काउट ही युक्ती शिकत आले. डिसेंबरात पुण्याजवळ ती बऱ्यापैकी चालते, सकाळी नऊला चूक जेमतेम आठेक अंशांची. मात्र हीच युक्ती मे महिन्याच्या मध्याला करून बघा. त्या दिवसांत सकाळी नऊच्या सुमारास सूर्य जवळजवळ पूर्वेला, उलट किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. घड्याळ मात्र त्याला आग्नेय दिशेला धरून चालतं. चूक होते पन्नास अंशांच्या आसपासची. म्हणजे उत्तरेला निघालेलं पथक थेट वायव्येच्याही पलीकडे जाईल. कारण सोपं आहे. इंग्लंडात सूर्य वर्षभर दक्षिणेकडूनच जातो, आणि बराच खालून जातो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. इथे मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली दडते, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. ‘सूर्य दक्षिणेला’ हे गृहीतच इथे दोन-अडीच महिने कोलमडतं. उन्हाळी सुट्टीतल्या छावण्या नेमक्या याच काळात असतात.

मग काय करायचं? आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. यज्ञवेदी बांधताना पूर्व-पश्चिम रेघ बिनचूक हवी असे, म्हणून कात्यायन शुल्बसूत्रात तिची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायची. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखायचं. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाबाहेर. सूर्य चढतो तशी सावली आखडते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला शिवतं, तिथे खूण. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत जाते आणि दुसऱ्या बाजूला वर्तुळाला शिवते. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. सूर्य उत्तरेला असो की दक्षिणेला, काही फरक पडत नाही, कारण ही रीत सकाळ-दुपारच्या सारखेपणावर उभी आहे. घड्याळ लागत नाही, होकायंत्र लागत नाही.

डिसेंबरात मावळात हे करताना वर्तुळाची त्रिज्या काठीच्या उंचीच्या दीडपट घ्यावी. मग पहिली खूण सकाळी दहाच्या आसपास मिळते, दुसरी दुपारी तीनच्या. मधल्या वेळात बाकीचं काम चालू राहतं. मुलांनी शाळेत घोकलेलं असतं की सूर्य बरोबर बाराला डोक्यावर येतो. इथे सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमारास पडते, तीही काठीच्या उंचीच्या जवळजवळ इतकी लांब आणि उत्तरेकडे. आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि मावळ तिथून बरंच पश्चिमेला, म्हणून हा अर्धा तास. भूगोलाच्या तासाला जे डोक्यावरून जातं, ते एका काठीने आणि दोरीने दुपारच्या जेवणाच्या आत डोक्यात शिरतं. माझं ठाम मत आहे की प्रत्येक पथकाने तंबूच्या आधी ही काठी रोवावी. तंबू काय, दुपारी उभारला तरी चालतो.

चुलीचा विषय पेटायला थोडा वेळ घेतो. आधी कायदा. राखीव जंगलात आग पेटवणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. त्यामुळे छावणी शाळेच्या किंवा गावाच्या परवानगीच्या मैदानावर, आणि लाकूड वाळलेलं, पडलेलं किंवा विकत घेतलेलं. हिरवी फांदी तोडणाऱ्याला धुराशिवाय काही मिळत नाही, हे त्याला लगेच कळतंच. बाभळीचा निखारा कडक आणि टिकाऊ, भाकरीला सोन्यासारखा. बांबूचा तुकडा मात्र न चिरता जाळात टाकू नये. बंद पेरांत अडकलेली हवा आणि वाफ तापून तो फटाक्यासारखा फुटतो.

भांड्याशिवाय स्वयंपाक हा शिबिराचा लाडका खेळ. इंग्रजी पुस्तकात कणकेची वळी काठीला गुंडाळून निखाऱ्यावर भाजायला सांगितली आहे. उत्तम. पण काठी कशाची हे सांगायला हवं. कण्हेर सगळीच विषारी, रुईचा चीक डोळ्यांना घातक. शोभेची सरळ फांदी दिसली म्हणून तोडली आणि तिच्यावर पोळी भाजली, असं व्हायला नको. आणि काठीचा हट्ट तरी कशाला? विदर्भात कणकेचा गोळा पळसाच्या दोन पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, ते पानगे. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात, ती पोपटी. शेतकऱ्याचा हुरडा तर सर्वांना ठाऊक. हे सगळं स्काउटच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असायला हवं होतं. अंडं भाजायचं तर कवचाला आधी बारीक भोक पाडावं, नाहीतर ते फुटून शेजारच्याच्या शर्टावर जातं.

यात मोठी माणसं कुठे आहेत? लांब. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याचा नायक त्यांच्यातलाच, तेरा-चौदा वर्षांचा. ही संघपद्धती बेडन-पॉवेलच्या सगळ्या कल्पनांमधली सर्वांत टिकाऊ. शिट्टीच्या खुणांतही ती दिसते. एक लांब शिट्टी म्हणजे सगळे स्तब्ध, छोट्या-छोट्या शिट्ट्यांची माळ म्हणजे धावत या, आणि तीन छोट्या व एक लांब म्हणजे फक्त संघनायक या. मास्तर नायकाला सांगतो, नायक संघाला. मधली पायरी ओलांडून मास्तर थेट मुलांना ओरडायला लागला की पद्धत संपली आणि पीटीचा तास सुरू झाला. शनिवारी रात्री एखाद्या संघाचा भात तळाला करपलेला आणि वर कच्चा असतो. तो तसाच खाल्ला जातो. रविवारी सकाळी त्याच संघाचे पोहे पातेल्यावर झाकण, झाकणावर दोन निखारे, अशा थाटात होतात.

शेकोटीची आणि गाण्यांची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत. पावसाची टाळी तेवढी सांगतो. आधी सगळ्यांनी एका बोटाने तळहातावर टिचक्या मारायच्या, मग दोन, मग तीन, मग पाचही. तीस जणांच्या टाळ्यांचा आवाज हुबेहूब सर कोसळल्यासारखा येतो, आणि उलट क्रमाने ती ओसरते. कुठलं वाद्य नको. त्याआधीचा किम्स गेम मात्र जरा थांबून बघण्यासारखा. ताटात वीस-चोवीस वस्तू ठेवून त्यावर कापड झाकायचं, एक मिनिट उघडून दाखवायचं, पुन्हा झाकायचं, मग आठवेल ते लिहायचं. हा खेळ आला रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ या 1901 च्या कादंबरीतून, जिथे सिमल्याच्या दुकानात किमला रत्नं ओळखायला बसवतात. किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 मध्ये. त्याचे वडील तिथल्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. छोट्या कब मुलांच्या प्रमुखाला आजही ‘अकेला’ म्हणतात तो त्याच्याच ‘जंगल बुक’मधला, शिवनीच्या रानातला लांडगा. ताटात पेन, नाणं, खोडरबर ठेवण्यापेक्षा मूग, मटकी, हुलगे, चवळी, उडीद ठेवून बघा. शहरातली मुलं आठवण्याच्या आधी ओळखण्यातच अडकतात. दुसरी फेरी डोळे बांधून, वासावर: ओवा, हिंग, जिरं, कडुनिंबाचं पान.

रात्री आकाश. डिसेंबरात संध्याकाळी ध्रुवतारा शोधायला सप्तर्षींची मदत होत नाही. ते पुरते वर यायला मध्यरात्र उलटते. त्या वेळी उत्तरेला उंचावर असते शर्मिष्ठा, इंग्रजी एम अक्षरासारखी पसरलेली. तिच्या मधल्या ताऱ्यापासून साधारण खाली क्षितिजाकडे नजर न्यावी. ध्रुव फार तेजस्वी नाही, आणि मुलं हमखास दुसऱ्याच झगझगीत ताऱ्याकडे बोट दाखवतात. यावर खात्रीचा उपाय असा की ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते. हात ताठ पुढे केला तर मूठ साधारण दहा अंश झाकते. मावळात ध्रुव दोन मुठींच्या जरा खाली. लंडनमध्ये तो पाच मुठींवर असतो. आणि छावणीच्या उत्तरेला डोंगर आला तर तो दिसणारच नाही. मग दुपारी आखलेली शंकूची रेघ आहेच.

झोपण्याआधीची एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सर्पदंश झाला तर जखम चिरा, विष चोखा, वर आवळून बांधा, असं जुन्या पुस्तकांत छापलेलं असे. ते आज पूर्ण चुकीचं ठरलं आहे. चिरल्याने रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, आवळल्याने अवयव निकामी. महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश बहुधा दुखत नाही, खूण जेमतेम दिसते, आणि पुढे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात. म्हणून खाली जाड सतरंजी, वर मच्छरदाणी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात बूट. सकाळी बूट झटकून. दंश झालाच तर घड्याळ-अंगठी काढावी, चावलेला हात किंवा पाय लाठीच्या आधाराने स्थिर करावा, मुलाला चालवू नये, 108 ला फोन करावा आणि जिथे सर्पदंशाची लस आहे त्या रुग्णालयात न्यावं. दोन लाठ्या आणि दोन शर्ट यांचं स्ट्रेचर करायला शिकवतात ते यासाठी. वाटेत भगताकडे थांबायचं नाही. जवळच्या कुठल्या रुग्णालयात लस आहे, हे मास्तरने छावणी ठरवतानाच विचारून ठेवायचं असतं. दंश झाल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

रविवारची सकाळ माग काढण्याची आणि मोजमापाची. एक संघ पुढे जातो, दगडांचे बाण, गवताच्या जुड्या, काट्यांची फुली करत. फुली म्हणजे या वाटेने नको. शेवटच्या खुणेत वर्तुळ आणि मधे टिंब: मी घरी गेलो. केनियात न्येरी इथे बेडन-पॉवेलच्या थडग्यावर हीच खूण कोरलेली आहे. तो 8 जानेवारी 1941 ला वारला.

मोजमापात सर्वांत भाव खातं ते नदीचं काम. इंद्रायणीच्या पात्राची रुंदी पाय ओला न करता काढायची. पलीकडच्या काठावरचं एक झाड निवडा आणि त्याच्या बरोबर समोर उभे राहा. काठाकाठाने वीस पावलं चाला, लाठी रोवा. त्याच रेघेत आणखी वीस पावलं पुढे जा. आता नदीकडे पाठ करून काटकोनात चालत राहा आणि दर पावलाला मागे वळून बघा. ज्या जागी लाठी आणि पलीकडचं झाड एका रेषेत येईल तिथे थांबा. काटकोनात चाललेली पावलं म्हणजे नदीची रुंदी. भूमितीच्या पुस्तकातले एकरूप त्रिकोण ते हेच, फक्त इथे त्यांना चिखल लागलेला असतो. अट एकच: प्रत्येकाला आपलं पाऊल किती लांब ते ठाऊक हवं. म्हणून शनिवारीच शंभर मीटरची दोरी टाकून सगळ्यांना चालवलेलं असतं. पाच जणांची उत्तरं पाच येतात, पण सरासरी घेतली की ती टेपच्या मोजणीच्या बरीच जवळ जाते, आणि सरासरी घ्यायची कल्पना बहुतेक वेळा मुलांकडूनच येते.

दुपारनंतर आवराआवर. चुलीवर पाणी ओतायचं, राख हाताने चाचपून थंड झाल्याची खात्री करायची, चर बुजवायचा, दगड जिथून आणले तिथे ठेवायचे. तपासणीला मास्तर येतो तेव्हा तंबूची जागा नेमकी कुठे होती हे त्याला ओळखता आलं, तर गुण कमी.

तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या शाळेत असं पथक असेल, तर त्यांच्याबरोबर काथ्याची दोरी द्या, मच्छरदाणी द्या, चांगली बॅटरी द्या. काट्याचं घड्याळही द्या, डिसेंबर असेल तर. फक्त शनिवारी संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन छावणीवर जाऊ नका.